पारशी मालकाची गाडी

जुन्या फियाटच्या जाहिरातीत एक पारशी गृहस्थ हटकून असतो. ‘पारशी ओनर, सिंगल हँड, रविवारी फक्त अग्यारीपर्यंत फिरवलेली.’ पारशी लोकांनी गाड्या जिवापाड जपल्या हे खरंच आहे. मी हेल्पर होतो तेव्हा दादरच्या पारशी कॉलनीतली गाडी आली की उस्ताद बॉनेट उघडण्याआधी आम्हाला हात पुसायला लावायचे. पण माझ्या वाचनात आलेल्या सगळ्या जाहिराती खऱ्या धरल्या तर एकेका पारशी घरातून पाच-सहा फियाट निघतील. पारशी नसला तर मालक डॉक्टर असतो. डॉक्टर नसला तर मिलिटरीतला कर्नल. ‘आधी टॅक्सी होती’ असं प्रामाणिकपणे लिहिलेली जाहिरात मला अजून दिसायची आहे.

तुर्भ्याला माझं गॅरेज आहे. काम शिकलो कुर्ल्यात, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना जोरात होता तेव्हा, त्याच्याच आसपासच्या एका गल्लीत. फियाट ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट, मग १९७४ पासून पद्मिनी. नाव बदलत गेलं, जाळी बदलली, दिवे बदलले, पण आत १०८९ सीसीचं तेच इंजिन आणि स्टेअरिंगला तोच गिअरचा दांडा. त्यामुळे एक गाडी आली की सगळ्या आल्या. २००० च्या आसपास पद्मिनी बनायची थांबली, गिऱ्हाइकं मारुती-सँट्रोकडे वळली आणि माझे फियाटचे पाने पेटीच्या तळाशी गेले. पुढे कधीतरी ते पुन्हा वर काढावे लागतील असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

ते वर काढायला लावले नवी मुंबईतल्या पन्नाशी-साठीच्या लोकांनी. गिरगाव, दादर, चेंबूर सोडून सिडकोच्या घरात राहायला आलेली ही मंडळी. वाशी-नेरुळ वसत होतं तेव्हा हप्ते फेडण्यात वर्षं गेली. आता मुलं पुण्याला किंवा परदेशात, हातात थोडा पैसा, आणि लहानपणी शेजाऱ्यांच्या दारात पाहिलेली फियाट डोक्यातून जात नाही. वडिलांनी नंबर लावला होता, पण पाळी यायला वर्षानुवर्षं लागायची आणि पाळी आली तेव्हा बहिणीचं लग्न निघालं, अशी कथा मी इतक्या जणांकडून ऐकलीय की पुढचं वाक्य मीच बोलतो. अशा माणसाला गाडीत काय खोट आहे ते दाखवणं फार अवघड जातं. तो गाडी बघायला आलेलाच नसतो.

तर हे लोक रात्री मोबाइलवर जाहिराती बघतात आणि सकाळी मला फोन करतात. “मिस्त्री, नाशिकला एक आहे. शनिवारी येता का?” हळूहळू तो माझा जोडधंदाच झाला. त्यात मी एक नियम ठेवला आहे : गाडी घेतली तरी तेवढेच पैसे, सोडली तरी तेवढेच. सुरुवातीला लोक म्हणायचे, व्यवहार होऊ दे, मग तुमचं बघू. त्यात मेख अशी आहे की व्यवहार झाला तरच पैसे असं ठरलं की आपली नजर आपोआप गाडीच्या बाजूने झुकते. लपलेला गंज दिसतो, पण तोंडातून शब्द ‘थोडंसं काम आहे’ असाच निघतो. विकणाराही हुशार. तो मालकाला चहा पाजतो आणि मला टायर दाखवायच्या निमित्ताने मागे नेतो. “मिस्त्री, तुमचं वेगळं ठेवलंय.” ते वेगळं घ्यायचं नाही, एवढं ठरवलं की निम्मं काम सोपं होतं.

नाशिकची ती गाडी १९७८ ची पद्मिनी होती, क्रीम रंगाची. फोटोत अशी झळकत होती की शोरूममधून काढली असावी. फोटोबद्दल आधी सांगतो. गाडी धुऊन ओली असतानाच फोटो काढायचा ही जुनी युक्ती आहे. ओल्या पत्र्यावर फिका पडलेला रंगही चमकतो आणि पॅचचे डाग बुडून जातात. दुसरं, सगळे फोटो एकाच बाजूचे असले तर दुसऱ्या बाजूला काहीतरी आहे हे नक्की. आणि मागची भिंत बघायची. एकदा विकणारा म्हणाला, फोटो कालच काढलेत. महिना मे चा आणि मागे गॅलरीत आकाशकंदील लटकलेला!

एजंट गाडी घेऊन उभाच होता. मी आधी बॉनेटला हात लावला. गरम होतं. येण्याआधी अर्धा तास इंजिन चालवून ठेवलेलं असलं की सकाळी सुरू करताना किती वेळ सेल्फ मारावा लागतो, निळा धूर निघतो का, टॅपेट किती वाजतात, हे सगळं झाकलं जातं. म्हणून आता फोनवर मी आधीच बजावतो : आम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. तरी करतात.

मग मी पुढच्या काचेचं रबर नखाने थोडं उचललं. क्रीम रंगाच्या खाली, छताच्या बाजूला, पिवळा रंग होता. दाराचं बीडिंग सोडवलं तर खांबावर, खालच्या अंगाला, काळा. वर पिवळा, खाली काळा. मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला यापुढे काही सांगायला लागू नये. माझ्याबरोबर आलेले गृहस्थ वाकून बघत होते आणि एजंट म्हणाला, “तो पिवळा म्हणजे प्रायमर आहे साहेब. कंपनीचा.” आणि काळा? “ते अंडरकोटिंग.” डाव्या मडगार्डवर, पूर्वी टॅक्सीचं मीटर जिथे बाहेर लावलेलं असायचं, नेमक्या तिथे मी कपड्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं. पत्र्यावर ते ओढलं जात होतं आणि त्या एका जागी सुटून हातात येत होतं. खाली भोकं बुजवून लांबी भरलेली. डिकीचं कार्पेट उचललं तर गॅसच्या टाकीचे पट्टे बसवायची चार भोकं, रबरी बुचं लावून बंद केलेली.

टॅक्सी असण्यात गुन्हा काही नाही. उलट चांगल्या हातातली टॅक्सी दुरुस्तीला सोपी, कारण तिच्या प्रत्येक नटाला कधी ना कधी पाना लागलेला असतो. भानगड कागदात होती. आरसी बुक १९७८ च्या खासगी गाडीचं, आणि हा पत्रा त्याच्या खूप नंतरचा. आत बघितलं तर गिअरचा दांडा खाली, फ्लोअरला. पद्मिनीला फ्लोअरचा गिअर अगदी शेवटच्या वर्षांत आला. बॉनेटखालच्या नंबराच्या पाटीचे रिव्हेट कोरे करकरीत आणि पाटी मात्र जुनी. म्हणजे कुठलीतरी मेलेली खासगी गाडी, तिचे कागद आणि पाटी काढून या टॅक्सीला चिकटवलेली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. टॅक्सीचं आयुष्य २० वर्षांचं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची गेली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर इतक्या आठवणी निघाल्या की पद्मिनीचे भाव बघता बघता चढले. त्याच सुमारास क्रीम, आकाशी, फिकट हिरवा अशा घरगुती रंगांतल्या ‘पारशी’ गाड्या जास्त दिसू लागल्या. कशावरून काय ते ज्याचं त्याने समजावं.

ब्रिटनमध्ये जिचं वय किंवा ओळख नक्की सांगता येत नाही अशा गाडीला ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा नंबर देतात, असं एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. ते अक्षर बघितलं की घेणारा सावध होतो. आपल्याकडे तसं अक्षर नाही, म्हणून दोन गाड्यांची एक झालेलीही ‘ओरिजिनल’ आणि तीन गाड्यांची एक झालेलीही ‘ओरिजिनल’.

पण नाशिक सोपं होतं. एजंट खोटं बोलत होता, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. निपाणीला गेलो तेव्हा तसं नव्हतं.

सीवूड्सला राहणाऱ्या एका गृहस्थांना जीप हवी होती. साधीसुधी नाही, दुसऱ्या महायुद्धातली विलीज. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘१९४४ मूळ विलीज, मिलिटरी ऑक्शन, आजोबांपासून घरात.’ रात्री नेरुळला एलपीच्या थांब्यावरून बस धरली. बसमध्ये हे गृहस्थ झोपलेच नाहीत. मोबाइलवर जीपचे फोटो मोठे करून करून बघत होते आणि पनवेल जायच्या आत त्यांनी ती कुठे उभी करायची, छताला कॅनव्हास कुठून आणायचा, हे ठरवून टाकलं. पहाटे उतरलो तर विकणारा स्वतः घ्यायला आलेला. मोठं शेतकरी कुटुंब, बोलायला दिलदार. घरी गेल्या गेल्या चहा, मग पोहे, मग ‘आंघोळी उरकून घ्या’. जीप बघायला मिळाली तेव्हा उन्हं चढली होती आणि स्वयंपाकघरातून मटणाच्या फोडणीचा वास सुटला होता.

जीप देखणी होती यात शंका नाही. पुढची जाळी नऊ फटींची. महायुद्धातल्या विलीजला नऊ फटी असतात आणि नंतरच्या मुलकी जीपला सात, हे आता कुणालाही मोबाइलवर सापडतं, आणि जाळी तर विकतही मिळते. पण बाकीची अंगं बदलायची राहून गेली होती. लढाईतल्या जीपचे हेडलाइट लहान आणि जाळीच्या मागे आत बसलेले असतात. हिचे मोठे आणि पुढे आलेले. आणि मागे फळी होती. साखळ्या सोडल्या की खाली पडणारी, पोती चढवायला सोयीची. सैन्यातल्या विलीजला मागची फळी उघडत नाही, तो पत्रा अखंड असतो. उघडणारी फळी आली ती लढाई संपल्यावर, शेतकऱ्यांसाठी काढलेल्या जीपला. आपल्याकडे महिंद्राने जीपा जुळवायला सुरुवात केली ती १९४७ मध्ये. तेव्हा ही जीप कुठल्या सालची असावी याचा अंदाज बांधता येत होता, आणि ते साल १९४४ नव्हतं.

मी गृहस्थांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पण मिस्त्री, माणसं किती चांगली आहेत.” माणसं चांगलीच होती. त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलं होतं की ही लढाईतली जीप आहे, आजोबांना विकणाऱ्याने सांगितलं असेल. जाळी कधीतरी कुणा मेकॅनिकने बदलून ‘आता बरोबर दिसते’ म्हटलं असेल. त्या घरात खोटं बोलणारं कुणी नव्हतंच. जेवायला बसलो. तांबडा झाला, पांढरा झाला, घरातल्या आजींनी स्वतः वाढलं. हात धुताना गृहस्थ पुन्हा माझ्याजवळ आले. “एवढ्या लांब आलोच आहोत तर... टोकन देऊन ठेवू का?”

हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे. नाशिकला, सांगलीला, सोलापूरला. जाहिरातीत जे खोटं असतं ते चुंबकाने, टॉर्चने, पान्याने उघडं पडतं. हे वाक्य कशाने उघडं पाडायचं? तुर्भ्यात, माझ्या गॅरेजपासून दोन गल्ल्या पलीकडे हीच जीप उभी असती तर हे गृहस्थ पाच मिनिटांत ‘नको’ म्हणून निघाले असते. आता रात्रीचा प्रवास, रजा, तिकिटं, घरी बायकोला सांगितलेलं, वर खाल्लेलं मीठ, हे सगळं जीपच्या बाजूने बोलत होतं. विकणाऱ्याने एक शब्द बोलायची गरज नव्हती. धंदेवाईक एजंट हे ओळखून असतात. पत्ता मुद्दाम शहराबाहेरचा देतात, स्टँडवर घ्यायला येतात, परतीच्या बसला जेमतेम वेळ उरेल अशा बेताने गाडी दाखवतात. आणि ज्याला हे काही माहीत नाही, ज्याने फक्त पाहुणचार केला, त्याच्याकडूनही घडतं तेच.

मी त्यांना एवढंच म्हणालो, टोकन उद्या पाठवा, मोबाइलवरून. निपाणीहून जातं तसं सीवूड्सहूनही जातं. त्यांनी ते पाठवलं नाही. वर्षभर माझ्यावर थोडे नाराज होते, हेही खरं.

पुराच्या गाड्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या ओळखायची एक खूण कळली की बाकी फार नसतं. २००५ च्या २६ जुलैला कुर्ला-कलिन्यात बुडालेल्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं बाजारात फिरत होत्या. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, त्यानंतर तशाच गाड्या घाटावर येऊ लागल्या. कराडला बघितलेली एक अॅम्बेसेडर बाहेरून धुऊनपुसून, नव्या सीट कव्हरसकट उभी होती. डॅशबोर्डातला सामानाचा खण मी बाहेर काढला आणि मागे टॉर्च मारला. वायरिंगच्या जुडग्यावर बारीक तांबड्या मातीचा थर, आणि पत्र्यावर एक सरळ आडवी रेष. इतकी सरळ की पट्टी लावून मारावी. पाणी तिथपर्यंत चढून थांबलं होतं. कार्पेट बदलता येतं, सीट बदलता येतात, पण त्या खणाच्या मागे हात घालून कुणी पुसत नाही. मालक म्हणाला, ही धूळ आहे. कराडची माती काळी आहे, एवढंच मी म्हणालो.

रत्नागिरीची गाडी मात्र मला अजून सांगता येत नाही नीट. तिथे लबाडी नव्हती, एजंट नव्हता, आणि मुळात जाहिरातही एका बाईंच्या भाच्याने मुंबईत बसून टाकलेली. ‘स्टँडर्ड हेराल्ड, रनिंग कंडिशन, रोज सुरू केली जाते.’ हेराल्ड मद्रासला बनायची, साठच्या दशकात आली आणि आता दिसणं दुर्मीळ. बघायला मी उत्सुकच होतो. बरोबर वाशीतले एक निवृत्त इंजिनिअर, पनवेलहून कोकणची गाडी पकडून गेलो.

जांभ्याच्या चिऱ्यांची गाडीखोली, वर कौलं, दाराला कुलूप आणि त्या कुलपाला इतका गंज की किल्ली फिरेना. तिथेच मला कळायला हवं ते कळलं. बाई निवृत्त शिक्षिका. तेल आणायला आत गेल्या, येताना माझ्यासाठी कोकम सरबतही घेऊन आल्या. “बाबा रोज सकाळी सुरू करायचे हो. दहा मिनिटं. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.” बाबांना जाऊन किती वर्षं झाली ते मी विचारलं नाही; भिंतीवरच्या फोटोचा हार सांगत होता. जाहिरात खोटी नव्हती. ती बाबा असतानाची होती, इतकंच.

हेराल्डचं बॉनेट मडगार्डासकट अख्खं पुढे उलटतं. ते उलटलं की चाकं, सस्पेन्शन, इंजिन सगळं ओट्यावर मांडल्यासारखं समोर येतं. मेकॅनिकला इतकी सोयीची गाडी दुसरी नाही. इंजिन बघून मला बरंच वाटलं. स्वच्छ, वायरी जागच्या जागी, प्रत्येक नळीला बाबांनी पांढऱ्या रंगाने खूण केलेली. पण पुलीला पाना लावून फिरवायला गेलो तर जागची हलेना. जाम. ते एवढं गंभीर नाही. प्लग काढून आत तेल सोडायचं, दोन-चार दिवस मुरू द्यायचं, सुटण्याची आशा असते. मग मी खाली गेलो. हेराल्डला वेगळी चेसिस असते आणि तिला दोन्ही अंगांना फुटलेले हात असतात, त्या हातांवर बॉडी टेकते. स्क्रू ड्रायव्हरची मूठ हलकीच आपटली. लोखंडाचा आवाज यायला हवा होता; भद असा आला आणि मुठीएवढा तुकडा माझ्या छातीवर पडला. चारही बाजूंना तेच. जमिनीतून येणारी ओल, समुद्राचा वारा, आणि कोकणातले इतके पावसाळे. वरून रंग शाबूत होता, कारण बाबा वरून पॉलिश करायचे. खाली जायचं त्यांचं वय राहिलं नसणार.

आता हे बाईंना कसं सांगायचं? भाच्याने जो आकडा टाकला होता तो मोबाइलवर बघून टाकलेला. त्या आकड्यात बाईंनी मनातल्या मनात घराची कौलं बदलली होती, हे त्यांच्या बोलण्यातून कळत होतं. मी आडून आडून बोलायला लागलो तशी त्यांनी थांबवलं. “मिस्त्री, मी तीस वर्षं मुलांचे निकाल सांगितलेत. सरळ सांगा.” मग सरळ सांगितलं. चेसिसचं काम एवढं, पत्र्याचं एवढं, मिळणार नाहीत असे भाग हे, आणि कागदांचं वेगळंच. गाडी अजून बाबांच्या नावावर. आधी वारसाच्या नावावर करायला एकतीस नंबरचा फॉर्म, वारसाचे पुरावे, भावंडांची संमती. नोंदणीची मुदत कधीच संपलेली. नोंद जुन्या वहीत, संगणकावर चढलेलीच नाही, म्हणजे आरटीओत बॅकलॉगसाठी खेटे. बाईंनी कागद-पेन्सिल आणून सगळं उतरवून घेतलं, खाली बेरीज मारली आणि म्हणाल्या, “म्हणजे नापास.” इंजिनिअर साहेबांनी पुढे ती गाडी घेतली, पण भंगारापेक्षा थोड्या जास्त भावात आणि बाईंना हिशेब दाखवून. नेली ट्रकवर घालून. अजून माझ्या शेडमध्ये आहे. चेसिसचे हात आम्ही कोल्हापूरला उद्यमनगरात नवे करून घेतले.

गाडी घरी आणायच्या बाबतीत लोक फार हट्टी असतात. घेतली की स्वतः चालवत न्यायची. एकाने साताऱ्याहून पद्मिनी चालवत आणायचं ठरवलं, मी नको म्हणत असताना. या गाडीला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे सिलिंडर रबर खाऊन बसलेले असतात. खंबाटकी चढताना तिचं पाणी उकळलं, ते बरंच झालं, कारण ती खाली उतरताना थांबली नसती. तिथून खोपोलीपर्यंत टोचन करून आणि पुढे ट्रकवर. टोचनचे, ट्रकचे पैसे जोडले तर गाडीच्या किमतीचा चांगलाच मोठा वाटा झाला. म्हणून गाडी बघायला निघायच्या आधीच मी गिऱ्हाइकाला वाहतुकीचा खर्च विचारून ठेवायला सांगतो. तो आकडा ऐकल्यावर काही जणांचा उत्साह आपोआप बसतो आणि माझा शनिवार वाचतो.

कागदांचं हल्ली एक नवीन निघालंय. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, २० हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. त्याबरोबर अटही आहे की अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही, भाड्याने द्यायची नाही. यातलं निम्मंच लोकांनी उचललं. आता १९८५ ची मारुतीसुद्धा जाहिरातीत ‘व्हिंटेज’ असते. पद्मिनी हे नावच १९७४ चं, तेव्हा ५० वर्षं पुरी झालेल्या पद्मिनी आत्ता कुठे तयार होताहेत. तरी ‘व्हिंटेज पद्मिनी, १९९२, व्हीए नंबर करून मिळेल’ असं लिहिणारे आहेतच. कोण करून देणार आहे ते मी विचारतो. मग फोन कट होतो.

आता मी लगेच निघत नाही. आधी फोनवर वेळ घालवतो. आरसीचा फोटो मागतो, दोन्ही बाजूंचा. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायला सांगतो आणि त्या ठशाचा फोटो. दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर एनओसी कोण काढणार, ते आधी ठरवून घेतो, कारण वाशीच्या आरटीओत एमएच ४३ ला फाइल यायची तर ते लागणारच. आणि रात्रभर थंड असलेल्या इंजिनाचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबवता काढलेला व्हिडिओ. एवढं मागितलं की दहातले सहा-सात विकणारे चिडतात. “साहेब, प्रत्यक्ष येऊन बघा की. फोनवर काय कळतं?” हाच तर त्यांचा सगळा आग्रह असतो, की प्रत्यक्ष या.

गेल्या आठवड्यात बेलापूरच्या एका गिऱ्हाइकाने अमरावतीची कॉन्टेसा पाठवली. डॉक्टरांची आहे म्हणे, इसुझू इंजिनाची, फक्त दवाखान्यात नेलेली. अमरावती म्हणजे एक रात्र जायला, एक यायला. विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवला, न कुरकुरता. तो सुरू होतो तेव्हा इंजिन आधीच चालू आहे. मी दुसरा मागितलाय, आणि बेलापूरवाल्यांना म्हटलंय की रेल्वेची तिकिटं इतक्यात काढू नका.